चल्लसचं बेणं

वारंगा फाट्यावर बस थांबली की निम्मे प्रवासी खिचडी खायला उतरतात आणि निम्मे पाय मोकळे करायला. त्यांतल्या कुणाचा तरी मोबाईल चार्ज होत नसतो, कुणाच्या मोबाईलमध्ये चहा सांडलेला असतो. त्यावर माझं दुकान चालतं. शेजारीच आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, टायर-पंक्चरचं दुकान आहे. "माझ्याकडं हवा, तिच्याकडं करंट," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी लग्नानंतर फाट्यावर आले. दुकान टाकलं तेव्हा लोक काम घेऊन यायच्या आधी नुसते बघायलाच यायचे. "बाई डाग देऊन राहिली", म्हणजे सोल्डरिंग करतेय, हे त्यांना नवल होतं. आता कुणाला त्याचं काही वाटत नाही. आता ते फक्त म्हणतात, "मॅडम, लवकर करा, गाडी सुटून राहिली."

मोबाईलवर पोट चालतं, पण माझा जीव आहे तो हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरवर. कंडक्टरच्या गळ्यातलं तिकिटाचं मशीन, पिग्मी एजंटचं पावतीचं मशीन, खेळायचे ते गेमचे छोटे सेट, ही सगळी एकाच घरातली भावंडं. छोटी स्क्रीन, चार बटणं, बॅटरी, आणि आत एक प्रोग्राम. बटण तुटलं तर मी बदलते. बॅटरी फुगली तर नवी टाकते. प्रोग्राम बिघडला की मात्र हात टेकावे लागायचे.

एक पिग्मी एजंट बाई होत्या. दुकानोदुकानी फिरून लोकांची रोजची बचत गोळा करायच्या. त्यांचं आणि त्यांच्या सोबतच्या एजंटांचं मशीन एकाच वेळी बिघडलं. मी उघडून पाहिलं, तर आतला सगळा माल ठणठणीत. प्रोग्राम एका जागी अडकत होता. दोन ओळी बदलल्या असत्या तर काम झालं असतं, पण त्या ओळी वाचायच्या कुठं? ज्या कंपनीनं प्रोग्राम लिहिला होता ती बंद पडली होती आणि मूळ कोड कुणाजवळच नव्हता. ती सगळी मशीनं पोत्यात भरून भंगारात गेली. इतक्या वर्षांत माझ्या हातून पुष्कळ वस्तू सुटल्या, पण जित्या वस्तू भंगारात गेल्याचं ते एकच दुःख अजून जात नाही.

इथं थोडं थांबून कोड म्हणजे काय ते सांगते. माणूस प्रोग्राम लिहितो तो शब्दांत, वाचता येईल असा. त्याला म्हणतात सोर्स कोड. मग त्याचं मशीनला चालेल असं रूप करतात, आणि ते रूप माणसाला वाचता येत नाही. आमच्या हिंगोलीच्या माणसाला हे हळदीवरून चटकन कळतं. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद बाजारात जाते. दिसायला पिवळीधमक, पण जमिनीत लावली तर उगवत नाही. उगवतं ते बेणं. बहुतेक कंपन्या हळद विकतात आणि बेणं घरी ठेवतात. पण जगात असेही लोक आहेत जे बेणं वाटतात. त्याला ओपन सोर्स म्हणतात. मी वापरते त्यात अट एकच असते: माझ्या बेण्यातून तू पीक काढलंस आणि ते पुढं कुणाला दिलंस, तर आधीच्यांची नावं न पुसता सोबत तुझं बेणंही द्यायचं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. ही अट समजावून सांगायला मला शिकल्यासवरल्या लोकांपुढं अर्धा अर्धा तास लागलाय. आत्याबाई म्हणाल्या, "मग त्याच्यात काय? शेजारनीकडून इरजन आनलं, अन् उद्या तिलाच नड पडली तर न्हाई म्हनायचं व्हय?"

या ओपन सोर्सची आणि माझी गाठ घालून दिली ती सलीमभाईंनी. सलीमभाई ट्रकड्रायव्हर. हैदराबाद ते अकोला अशी त्यांची लाइन, आणि फाट्यावर त्यांचा चहा ठरलेला. एकदा ते तळहाताएवढा गेमचा सेट घेऊन आले.

"मॅडम, ये बंद पड गया. काय बी करा, पन चालू करा."

"एवढी घाई कशाची? गेमच आहे ना?"

"तुमी गेम म्हन्ता. गाडी खाली व्हायला कदी कदी दिवस जातो. ना झोप येती, ना कुनी बोलायला असतं. हाच माझा क्लीनर, हाच माझा दोस्त."

उघडून पाहिलं तर आतलं मेमरी कार्ड मेलेलं. नवं कार्ड माझ्याकडं होतं, पण त्यावर टाकायचा प्रोग्राम नव्हता. विकणारा कुठला, बनवणारा कुठला, काही पत्ता नाही. पिग्मी मशीनची आठवण येऊन माझं तोंड कडू झालं. पण या वेळी इंटरनेटवर शोधता शोधता एक वेगळंच जग सापडलं. याच सेटसाठी ठिकठिकाणच्या लोकांनी आपल्या हौसेनं नवा प्रोग्राम लिहिला होता, त्यावर खेळ लिहिले होते, आणि सगळ्याचा कोड उघडा ठेवला होता. घ्या, वाचा, बदला, पुढं द्या. मी एकेक फाईल उघडून पाहत गेले. कुणी कुठला, कुणाची भाषा काय, पण एकमेकांच्या चुका दुरुस्त करत बसलेले. कुणी तरी रात्रीत येऊन आपल्या शेताला पाणी देऊन जावं, असं वाटलं.

सलीमभाईंचा सेट चालू झाला, आणि पहिल्यापेक्षा वेगानं चालू झाला. त्यांनी ही गोष्ट नांदेडपासून अकोल्यापर्यंतच्या प्रत्येक धाब्यावर सांगितली असावी. त्यानंतर महिनाभरात ड्रायव्हर लोक मेलेले सेट घेऊन यायला लागले. मालक म्हणाले, "अगं, टायर कमी अन् गेमच जास्ती येऊन राहिले."

दुपारी आत्याबाई दुकानात बाकावर बसायच्या. गुडघ्यांमुळं शेतात जाणं बंद झालं होतं आणि घरात करमत नव्हतं. एका दुपारी सलीमभाई त्यांच्या शेजारी बसून सेटवर लुडो खेळत होते. आत्याबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "मंगल, ह्याच्यात आपला चल्लस हाये का?"

"नाही, आत्याबाई."

"काहून? आमी काय मानसं न्हाईत?"

चल्लस, म्हणजे चल्लस-आठ. जमिनीवर पाच बाय पाच घरांचा पट आखायचा, काही घरांवर फुल्या मारायच्या. फुलीवर बसलेल्या सोंगटीला कुणी मारू शकत नाही. चार चिंचोके एका बाजूनं घासून पांढरे करायचे आणि फेकायचे. जेवढे पांढरे पडतील तेवढं दान, आणि चारही काळे पडले तर आठ. आणि आमच्याकडचा पक्का नियम असा, की दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. आत्याबाईंच्या माहेरी-सासरी सगळ्या बायका हा खेळ खेळायच्या, आणि आत्याबाई म्हणे हरल्याच नाहीत. हे अर्थात त्यांनीच सांगितलेलं.

मी ठरवलं की करून पाहायचं. परदेशातल्या एका माणसानं लिहिलेला लुडोचा कोड उघडा होता. त्याला लिहून विचारलं, की यातून मी आमच्या गावचा खेळ करू का. त्याचं उत्तर आलं: खुशाल कर, विचारायची गरजच नव्हती, फक्त झाला की मला दाखव. कॉलेजात शिकलेलं प्रोग्रामिंग गंजलं होतं. एका गिऱ्हाइकाचा मोबाईल खोलायचा, दुसऱ्याला चार्जर द्यायचा, आणि मधल्या वेळात दोन ओळी लिहायच्या. तिसरी ओळ लिहीपर्यंत पहिली का लिहिली ते विसरून जायचे. तरी ज्या दिवशी स्क्रीनवर पट दिसला, त्या दिवशी मी एकटीच टाळ्या वाजवल्या. पंक्चर काढता काढता मालक धावत आले. त्यांना वाटलं शॉक लागला.

पहिला डाव आत्याबाईंचा. थोडा वेळ खेळून त्यांनी सेट बाकावर ठेवून दिला.

"हे मशीन रडी खातंय."

"कसं काय?"

"इतक्यांदा आठ पडतात का कुटं? इतके आठ पडले असते तर मी कोनाला घरात बी येऊ दिलं नस्तं."

चूक माझीच होती. लुडोच्या फाशाला सगळी दानं सारखीच पडतात. चिंचोक्यांचं तसं नसतं. चारही एकदम काळे पडणं अवघड, दोन पांढरे दोन काळे सोपं. मी फासा काढून टाकला आणि कोडमध्ये चार चिंचोके वेगवेगळे फेकले. पुढच्या डावाला आत्याबाई तासभर बोलल्या नाहीत, म्हणजे मी पास झाले.

कोडमध्ये ओळींच्या बाजूला टीप लिहिता येते. मशीन ती सोडून देतं, ती फक्त माणसांसाठी असते. माझ्या सगळ्या टिपा मराठीत. चिंचोक्यांच्या ठिकाणी मी लिहिलं, "इथं बदल करू नये. आत्याबाई चिडतात." आणि खेळ सुरू होताना जी नावं दिसतात त्यांत आधी त्या परदेशी माणसाचं, मग माझं, आणि खाली लिहिलं: "नियम: आत्याबाई."

त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवलं.

"समद्या मशिनीत दिसंल का हे?"

"ज्यात ज्यात हा खेळ जाईल, त्यात."

"मंग जाऊ दे लांब लांब," त्या म्हणाल्या.

कोड इंटरनेटवर ठेवला, आणि पहिलं भांडण घरबसल्या आलं. औंढ्याचे जोशीकाका. तहसीलमधून निवृत्त झालेले, टापटीप, बोलणं मोजूनमापून. कुठून तरी त्यांना खेळ मिळाला होता. ते बसनं फाट्यावर आले, दुकानात बसले आणि म्हणाले, "खेळ उत्तम आहे. पण एक नियम चुकलाय. आमच्याकडे आत शिरायला आधी कुणाला मारावंच लागतं असं नाही."

बाकावरून आवाज आला. "मंग तो काय खेळ हाये का? नुस्तं चालत जायचं अन् घरात जाऊन बसायचं? त्याला पायी जानं म्हन्तात."

"अहो, माझी आईसुद्धा असंच खेळायची."

"तुमची आई चांगली बाई असंल. पन खेळ मारामारीचा हाये."

काका माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही बदलून द्याल?"

मी म्हणाले, "मी नाही बदलणार, मला या घरात राहायचंय. पण कोड उघडा आहे, काका. तुम्हीच बदला. कसं ते मी शिकवते."

आणि काकांनी खरंच शिकून घेतलं. दर आठवड्याला औंढ्याहून यायचे. आयुष्यभर फायलींत काढल्यामुळं एक स्वल्पविराम चुकला तरी त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही, आणि प्रोग्रामिंगला तेवढंच लागतं. त्यांचा औंढ्याचा चल्लस तयार झाला, त्याचाही कोड उघडा. आत्याबाईंनी त्यांना पुढचे दोनदा चहा विचारला नाही. मग एका दुपारी मला दिसलं, की त्या पाठ करून बसल्यात आणि औंढ्याचा खेळ खेळून पाहतायत.

"कसा आहे?" मी विचारलं.

"अळनी," त्या म्हणाल्या. पण डाव पुरा केला.

मग एकदा सलीमभाई हैदराबादहून आले ते गाडीतून उडी मारतच. "मॅडम! देखो, देखो!" त्यांच्या हातात दोन नवे कोरे सेट होते. "हैदराबादच्या मार्केटात मिळाले. ह्याच्यात आपला चल्लस हाय! अन् कमाल बघा, दोन सेट एकमेकासंग खेळतात. वायर नक्को, काय नक्को."

मी पाहिलं आणि अंगावर काटा आला. माझाच पट, माझ्याच सोंगट्या. आणि त्यावर कुणी तरी भर घातलेली: दोन वेगळ्या सेटवरून, हवेतून, एकच डाव. मला हे करायचं होतं आणि जमलं नव्हतं. मग सुरुवातीची नावं पाहिली. परदेशी माणसाचं नाव नव्हतं, माझं नव्हतं, आत्याबाईंचं नव्हतं. हे सेट विकणाऱ्या हैदराबादच्या दुकानदाराच्या कंपनीचं नाव आणि खाली सर्व हक्क राखीव. कोड कुठंच ठेवलेला नव्हता.

"माझं नाव कुटाय?" आत्याबाईंनी विचारलं. मी मान हलवली. त्यांना कळलं.

मालक म्हणाले, "जाऊ दे ना. खेळ तर लांब गेला."

मीही तसंच म्हणून सोडलं असतं. पण आत्याबाई आणि सलीमभाई दोन सेट घेऊन खेळायला बसले, आणि थोड्याच वेळात आत्याबाई ओरडल्या, "अरं, फुलीवर व्हती! फुलीवर बसलेली मारली ह्यानं!"

"आम्मी, मैं क्या करूं, मशीननं मारली!"

पुन्हा खेळले. पुन्हा तेच. दोन सेटच्या खेळात फुलीवरची सोंगटीही मरत होती. म्हणजे खेळाचा गळाच कापल्यासारखं. आत्याबाईंनी सेट माझ्यापुढं धरला. "कर बराबर."

आणि मला करता येईना. माझाच खेळ माझ्या हातात होता, आणि मी तो उघडू शकत नव्हते. बाजारातली पॉलिश केलेली हळद हातात, अन् बेणं दुसऱ्याच्या कुलपात. ते पोत्यातलं भंगार डोळ्यांपुढं उभं राहिलं. मी म्हणाले, "हा कोड मी आणणार."

पत्र लिहिलं जोशीकाकांनी. "तुमच्या भाषेत राग येतो," ते मला म्हणाले, "माझ्या भाषेत भीती वाटते." खरंच, त्यात एकही वाकडा शब्द नव्हता. आपण अमुक खेळ वापरला, त्याची अमुक अट आहे, ती पाळल्यास आपण तो आनंदाने विकू शकता, न पाळल्यास विकण्याचा आपला अधिकारच राहत नाही. तरी उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं. तेही गेलं ते गेलंच.

तेव्हा सलीमभाई म्हणाले, "कागद मेरेकु देव. मी जातो दुकानात."

ते गेले, शेठच्या समोर पत्र ठेवलं आणि खुर्चीवर बसून राहिले. भांडले नाहीत. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हसून सांगत राहिले, की हा खेळ आमच्या फाट्यावरच्या आम्मीचा आहे. शेवटी शेठनं कंटाळून फोन लावला.

"मॅडम, कितना पैसा होना, बोलो."

"पैसा नको, शेठजी. कोड द्या, आणि नावं परत लावा."

"कोड लेके क्या करते आप?"

"तुमच्या खेळात फुलीवरची सोंगटी मरते. गिऱ्हाईक परत येत नाही का तक्रार घेऊन?"

शेठनं कबूल केलं: येत होते. त्यांच्याकडंही हा खेळ घरोघरी खेळतात, नाव फक्त वेगळं. सेट परत येत होते, आणि काय चुकतंय ते शेठला कळत नव्हतं.

"आप ठीक करके देते?"

"कोड दिलात तर. आणि मी ठीक केलेलंही सगळ्यांसाठी उघडं राहील. तुमच्यासाठीही."

मग फोनवर एका मुलीचा आवाज आला. ती स्वप्ना, शेठकडं नोकरीला असलेली प्रोग्रामर. हवेतून खेळायचं काम तिनं एकटीनं केलं होतं. कोड उघडा ठेवायचा असतो हे तिनं शेठला आधीच सांगितलं होतं, पण नव्या नोकरीतलं माणूस किती बोलणार? तिनं मला पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, ये आत्याबाई कौन हैं?"

माझ्या मराठी टिपा तिनं एकेक करून भाषांतर करून वाचल्या होत्या. एकही पुसली नव्हती. "मैंने सोचा, कोड लिखनेवाले जिनसे डरते, उनसे मिलना चाहिए," ती म्हणाली. मी हसले, आणि मग का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं.

शेठनं कोड दिला. तो माणूस वाईट नव्हता. त्याला वाटायचं की दिलं की संपतं. स्वप्नानं आणि मी फोनवर बोलत बोलत चूक शोधली. एक सेट दुसऱ्याला सोंगटी कुठल्या घरात आहे ते सांगत होता, पण ते घर फुलीचं आहे हे सांगत नव्हता. एवढीशी गोष्ट. ती नीट झाली, नावं परत आली, आणि त्यांत स्वप्नाचंही नाव चढलं. जोशीकाकांनी लगेच ती भर उचलून औंढ्याच्या खेळात घातली. त्या परदेशी माणसानंही आपल्या लुडोत घातली आणि खाली आत्याबाई, मी, स्वप्ना आणि जोशीकाका अशा चौघांचे आभार मानले. आत्याबाईंनी ते आभार मला दोनदा वाचायला लावले.

त्यानंतरच्या फाट्यावरच्या दुपारी बघण्यासारख्या असायच्या. सलीमभाई समोर ट्रकच्या केबिनमध्ये, आत्याबाई दुकानातल्या बाकावर, आणि मधल्या रस्त्यावरून बसा, ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या. डाव रंगात आला की केबिनमधून आरोळी यायची, "आम्मी, रहम करो!" आणि इकडून उत्तर, "गाडी पुढं घे अन् हरल्याचं कबूल कर!" खिचडी खाणारे प्रवासी ताटं हातात घेऊन उभे राहायचे. कुणालाच कळायचं नाही की हे म्हातारं माणूस कुणावर ओरडून राहिलंय.

या हिवाळ्यात स्वप्ना स्वतः आली. नांदेडला नात्यातलं लग्न होतं, तिथून ती बसनं फाट्यावर उतरली. मला वाटलं होतं कुणी तरी मोठी बाई असेल. खांद्याला बॅग लावलेली, चष्मेवाली, सडपातळ पोरगी. ती आत्याबाईंच्या पाया पडली. आत्याबाईंनी तिला नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "खेळती कशी?"

स्वप्ना कावरीबावरी झाली. मग तिनं मला हळूच सांगितलं, की तिनं हा खेळ कधी हातानं खेळलेलाच नाही. लहानपण फ्लॅटमध्ये गेलं, घरात खेळणारं कुणी नव्हतं. सगळे नियम ती माझ्या कोडमधून शिकली होती.

मी हे आत्याबाईंना सांगितलं. त्या मग बाकावरून उतरून गुडघे धरत धरत फरशीवर बसल्या. "खडू आन," म्हणाल्या. त्यांनी स्वतः पट आखला, फुल्या मारल्या, चिंचोके काढले. सोंगट्या म्हणून बांगड्यांचे तुकडे. जोशीकाका आलेच होते. त्यांनी नियमाचा विषय काढायला तोंड उघडलं आणि आत्याबाईंकडं बघून परत मिटलं. मीही बसले. चौघांचा डाव सुरू झाला.

स्वप्नानं चिंचोके पहिल्यांदा हातात घेतले आणि बोटांच्या टोकानं खाली ठेवल्यासारखे टाकले.

"हात हालव की!" आत्याबाई म्हणाल्या. "ते बटन न्हाई."

हळूहळू तिचा हात सुटला. चिंचोके फरशीवर वाजायला लागले. तिच्या सोंगट्या पटाभोवती फिरत होत्या, पण तिनं कुणाला मारलं नव्हतं, त्यामुळं आत शिरता येत नव्हतं. आणि मग दान असं पडलं, की तिची सोंगटी नेमकी आत्याबाईंच्या सोंगटीवर येत होती. ती थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं.

"मार!" आत्याबाई ओरडल्या. "दया करून राहिली का माझ्यावर? मार!"

तिनं मारली. मालक पंक्चर सोडून दारात आले होते, त्यांनी शिट्टी वाजवली. सगळ्यांत जास्त हसत होत्या आत्याबाई, स्वतःची मेलेली सोंगटी मुठीत धरून.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. मालक म्हणाले, "मंगल, नांदेडची लागली. पोरीला हीच गाडी होती ना?"

स्वप्ना गडबडीनं उठली, बॅग खांद्यावर घेतली. आत्याबाईंनी तिचं मनगट धरलं.

"बस खाली. येश्टीमागून येश्टी येती. डाव मोडून गेलेल्याला कोन पुन्यांदा खेळाया बोलावत न्हाई."

स्वप्नानं अर्थ विचारायला माझ्याकडं पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण तोवर तिला कळलं होतं. तिनं बॅग उतरवली, मांडी घातली आणि चिंचोके उचलून दोन्ही हातांत खुळखुळवले. बाहेर कंडक्टरनं घंटी दिली. बस गेली. तिला आठ पडले.